घरासाठी थरांची लाकडी जमीन



वैशाखाच्या उन्हात बैलगाडीचे चाक खुळखुळू लागते. आरे ढिले होतात, लोखंडी धाव निसटू पाहते. जाणता गाडीवान अशा वेळी काय करतो? चाक उतरवतो आणि रात्रभर डोहात बुडवून ठेवतो. सकाळी पाहावे तो चाक ठाकठीक! रात्रभरात लाकूड पाणी प्यायले, फुगले आणि सारे सांधे आवळून बसले. दगडाच्या खाणीत तर याहून मोठी गंमत. जुने पाथरवट दगडात ओळीने भोके पाडीत, त्यांत वाळक्या लाकडाच्या पाचरी ठोकीत आणि वर पाणी ओतीत. पाचरी फुगत आणि एवढा थोरला पाषाण उभा तडकत असे.

पाषाण फोडणारे हे लाकूड आपल्या घरात जमिनीवर अंथरायचे म्हटले, तर काय पाहून घ्यावे आणि ते कसे बसवावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

लाकडी जमीन आपल्याला नवी नव्हे. जुन्या वाड्यांत भिंतींवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या अशी माडीची जमीन असे. तिला आपण कडीपाट म्हणतो. काही ठिकाणी फळ्यांवर मातीचा थर देऊन सारवीत, काही ठिकाणी नुसत्या फळ्याच. त्या फळ्यांवरून चालताना होणारा आवाज ज्यांनी लहानपणी ऐकला आहे, त्यांना तो म्हातारपणीही आठवतो. पुढे सिमेंटचे स्लॅब आले, शहाबादी फरशी आली, मोझॅक आले, आता गुळगुळीत चकाकणाऱ्या लाद्या आल्या. लाकूड दाराखिडक्यांपुरते उरले. आणि आता तेच लाकूड पातळ फळ्यांच्या रूपाने, खोक्यांत भरून, दुकानांतून परत येऊ लागले आहे. दुकानदार त्याला 'इंजिनिअर्ड वुड' म्हणतात. मी त्याला थरांची फळी म्हणतो, कारण ती खरोखरच थरांची असते.

माझा उभा जन्म मुलांना सुतारकाम शिकवण्यात गेला. तेव्हा मी बोलतो ते अनुभवाचे बोल आहेत. मात्र त्यातला एक अनुभव फजितीचा आहे, आणि तो मी आज लपवणार नाही.

प्रथम ही फळी म्हणजे काय, ते पाहू. तुमच्या घरातला जेवणाचा जुना पाट उलटा करून बघा. त्याच्या खाली दोन आडव्या पट्ट्या मारलेल्या दिसतील. त्या कशासाठी? पाटाची उंची वाढावी म्हणून, असे मुले उत्तर देतात. ते अर्धेच खरे. लाकूड लांबीला फारसे वाढत नाही की आटत नाही. ते वाढते-आटते रुंदीला. ओल्या सागवानाची फळी पूर्ण सुकवली तर लांबीत हजारी एकदोन भागच फरक पडेल, पण रुंदीत कापणीप्रमाणे शेकडा अडीच ते सहापर्यंत फरक पडतो. रुंदीला वाढायची लाकडाला खोड, लांबीला वाढायची नाही. म्हणून आपल्या सुतारांनी पाटाच्या रुंदीवर दुसऱ्या लाकडाची लांबी आडवी ठोकली. एकाने दुसऱ्याला धरून ठेवायचे. पाट वाकत नाही तो त्यामुळे.

थरांच्या फळीत हीच युक्ती आहे. वर खऱ्या लाकडाचा एक थर — ओक, साग, अक्रोड, जे तुम्ही निवडाल ते — त्याच्या रेषा लांबीच्या दिशेने. त्याखाली हलक्या लाकडाच्या पट्ट्या किंवा प्लायवुड, रेषा आडव्या. तळाला पुन्हा एक उभा थर. तिन्ही सरसाने, दाबाखाली, एकजीव केलेले. स्वीडनमधील नायब्रो गावच्या गुस्ताफ केर या कारखानदाराने अशा थरांच्या फळीचे पेटंट १९४१ साली घेतले. त्या थंड मुलुखात हिवाळ्यात घरे आतून तापवतात, आतली हवा कोरडी पडते, आणि सबंध लाकडाच्या फळ्या आटून त्यांच्यात फटी पडतात. त्यावर हा तोडगा.

यात काटकसरही आहे. सागवानाची इंचभर जाड फळी घेतली तर एका खोलीचा एक भाग झाकेल. तीच चिरून तिचे ४ मिलिमीटरचे थर काढले, तर करवतीचा भुसा वजा जाता चार थर तरी निघतात. एका झाडात चौपट जमीन. ज्यांनी आलापल्लीच्या रानातला साग उभा पाहिला आहे, त्यांना या हिशेबाचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

आता खरेदी. येथे फसगत फार होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

लाकडी म्हणून दुकानात तीन जिनसा दाखवतात. पहिली आपली थरांची फळी. दुसरी लॅमिनेट : तिच्यात लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला तक्ता असतो आणि वर लाकडाचा छापील फोटो, त्यावर टणक पारदर्शक थर. तिसरी निव्वळ प्लास्टिकच्या जातीची, तिच्यावरही लाकडाचे चित्रच. ह्या दोन्ही वाईट असतात असे मी म्हणत नाही. प्लास्टिकच्या जातीची फरशी पाण्याला दाद देत नाही, लॅमिनेटवर ओरखडा लवकर उठत नाही आणि दोन्ही स्वस्त. पण चित्राला लाकडाची किंमत देऊ नका, एवढेच माझे म्हणणे.

ओळखायचे कसे? फळीचे तोंड बघा, म्हणजे जिथे ती आडवी कापली आहे तो भाग. वरच्या पृष्ठभागावरची रेषा त्या कापलेल्या तोंडातही खाली उतरलेली दिसली तर वरचा थर खरा. वर सुरेख ओक आणि तोंडाशी एकसारखा तपकिरी लगदा, तर ते चित्र. आणखी एक खूण : चार-पाच खोकी उघडायला लावा. एकच गाठ, तिच्या शेजारचा एकच डाग दहा फळ्यांवर तसाच्या तसा दिसला तर समजावे, झाड नव्हे, छापखाना.

फळी खरी निघाली की दुसरा प्रश्न : वरचा थर किती जाड? अर्धा-पाऊण मिलिमीटरपासून सहा मिलिमीटरपर्यंत सगळे थर बाजारात मिळतात, आणि सगळ्यांचे नाव एकच! एकूण जाडी दुकानदार मोठ्याने सांगतो, १४ किंवा १५ मिलिमीटर. वरच्या थराचा आकडा तो हळू आवाजात सांगतो. तुम्ही तोच विचारा. वर्षानुवर्षे वापरून जमीन खराब झाली की ती घासून पुन्हा नवी करता येते. प्रत्येक घासणीत अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जाते. तीन-चार मिलिमीटरचा थर अशा दोन-तीन घासण्या सोसतो. पाऊण मिलिमीटरच्या थराला एकदाही हात लावता येत नाही. माझे मत विचाराल तर तीन मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. तेवढे पैसे नसतील तर शहाबादी फरशी घालावी आणि सुखाने राहावे.

तिसरे, आतला थर आणि सरस. प्लायवुडचा गाभा आपल्या हवेला बरा. भुशाच्या तक्त्याचा गाभा एकदा भिजला की बिस्किटासारखा फुगतो आणि पुन्हा बसत नाही. सरसातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू निघतो. तो मर्यादेत आहे याची खूण म्हणून खोक्यावर 'ई-वन' किंवा त्याहून चांगला दर्जा छापलेला असतो. लहान मुले निजतात त्या खोलीसाठी हे आवर्जून पाहावे.

वरचा हात दोन प्रकारचा असतो, वार्निशाचा आणि तेलाचा. वार्निश टिकाऊ, पण खरवडले तर अख्खी जमीन घासावी लागते. तेलाच्या हाताला वर्षाकाठी निगा लागते, पण ओरखडा पडेल तेवढ्याच जागी घासून पुन्हा तेल देता येते. खेड्यातल्या घरात पायांबरोबर माती येते, खाटा सरकतात. तेव्हा मी तेलाचा, फिक्या रंगाचा आणि किंचित खरबरीत पृष्ठभाग निवडीन. काळीभोर चकचकीत जमीन दुकानात छान दिसते. घरी तिच्यावर धुळीचा कणन्‌कण उठून दिसतो आणि गृहिणीचा दिवस झाडण्यात जातो.

लाकूडच हवे असा हट्ट नसेल तर बांबूही आहे. बांबूच्या पट्ट्या सरसाने जोडून केलेल्या फळ्या मिळतात. २०२३ मध्ये दिल्लीत नवे संसद भवन उघडले, तिथे त्रिपुराच्या बांबूची जमीन बसवली आहे आणि सागवान गेले ते आपल्या नागपूरकडून. पण बांबूही पाणी पितो. मी पुढे सांगणार आहे ते सर्व त्यालाही लागू.

आता माझी फजिती ऐका.

माझा धाकटा भाऊ रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होता. २०१८ मध्ये त्याने आमचे जुने घर उतरवून स्लॅबचे घर बांधले. जुन्या घराची माडी आमच्या आईला फार प्रिय. त्या फळ्यांवर बसून तिने चाळीस पावसाळे तांदूळ निवडले होते. माडी पाडली त्या दिवशी ती शेजारच्या घरी जाऊन बसली, आमच्याकडे पाहीना. तेव्हा भावाने ठरवले, वरची एक खोली तरी लाकडी करायची. खोली बारा फूट रुंद, पंधरा फूट लांब. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले, तालुक्याहून फळ्या आणल्या आणि मला फोन केला :

"दादा, मृगाच्या आत खोली पुरी करायची आहे. सुतार मिळालाय. तू येऊन एकदा नजर टाकशील का?"

मी गेलो. सुतार हुशार होता. खाली कोबा होऊन तीन आठवडे झाले होते. वरून तो पांढरा, कोरडा दिसत होता. त्यावर फेसाची पातळ गादी अंथरून त्याने फळ्या एकमेकींत अडकवत आणल्या आणि शेवटची ओळ भिंतीशी अशी बसवली की फळी आणि भिंत यांच्या मधून केस जाणार नाही. दाराच्या चौकटीभोवती तर फळी इतकी बिनचूक कापली होती की मी त्याची पाठ थोपटली. तीस वर्षे मी मुलांना हेच शिकवले होते ना : सांध्यात केस जाता कामा नये! मी म्हणालो, "उत्तम." आणि सायंकाळच्या गाडीने परतलो.

आषाढ गेला. श्रावणात आईचा फोन आला. ती म्हणाली, "अरे, ही जमीन पायाखाली झुलते रे. आपल्या माडीसारखीच झाली." तिला त्याचे कौतुकच वाटत होते. मी मात्र चरकलो. आठ दिवसांनी भाऊ म्हणाला की खोलीच्या मध्यभागी फळ्या तंबूसारख्या उचलल्या आहेत, आणि एक-एक फळी कडांनी वर येऊन पन्हळासारखी झाली आहे. त्याच आठवड्यात त्या उचललेल्या कडेला अडखळून आई पडली. मनगट मोडले. दीड महिना हात गळ्यात.

दुकानदार म्हणाला, सुताराची चूक. सुतार म्हणाला, गवंड्याची. गवंडी म्हणाला, पाऊसच तसा झाला. मला कोणी काही म्हणाले नाही, आणि तेच मला अधिक लागले. कारण खोलीत त्या दिवशी लाकडाचे शास्त्र शिकलेला माणूस एकच होता आणि तो मी.

काय चुकले होते? हिशेब करून पाहा. कारखान्यातून फळी निघते तेव्हा तिच्यात वजनाच्या ६ ते ९ टक्के पाणी असते. कोकणात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांवर जाते. अशा हवेत उघडे लाकूड हळूहळू १८ टक्क्यांपर्यंत पाणी घेते. समजा, सबंध सागाच्या फळ्या असत्या आणि त्या रुंदीला दीड टक्काच फुगल्या असत्या, तरी ४ मीटर रुंदीच्या खोलीत ६० मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंचांहून जास्त वाढ झाली असती. थर आडवे घातल्यामुळे ती वाढ सहा-आठ मिलिमीटरवर येते. थोडी वाटते, नाही का? पण सहा मिलिमीटरना जायला जागाच नसेल तर? भिंत सरकत नाही. मग जमीन वर उठते. खाणीतली पाचर आठवा.

शिवाय खालची ओल. कोबा वरून पांढरा दिसला तरी आत महिनोन्‌महिने ओला असतो. मोकळी हवा असेल तर इंचभर जाडीला साधारण एक महिना धरावा, आणि पावसाळ्याचे महिने त्यात मोजूच नयेत. ती ओल खालून फळीच्या पोटात शिरली. पोट फुगले, पाठ तशीच राहिली, कडा वर आल्या.

म्हणजे सुताराची जी कारागिरी मी वाखाणली, तीच जमिनीच्या मुळावर आली होती. मेज-खुर्चीच्या सांध्यात केस जाऊ नये हे खरे. पण जमिनीच्या कडेला करंगळी गेली पाहिजे.

मग पुढल्या वर्षी माघात आम्ही ती जमीन पुन्हा बसवली, या वेळी माझ्या हाताने. तो क्रम सांगतो. तुम्हाला घरी उपयोगी पडेल.

आधी जागा. तळमजल्यावर, जोत्याला ओल चढते अशा घरात थरांची फळी घालूच नका. दुकानदार कितीही सांगो. फळ्यांच्या माहितीपत्रकात बहुधा असे छापलेले असते की खोलीची आर्द्रता ३० ते ६० टक्के ठेवावी. कोकणात किंवा महाबळेश्वराच्या अंगाला जून ते सप्टेंबर हे कोणाला जमणार? देशावर, खानदेशात, मराठवाड्यात त्या मानाने बरे. विदर्भात गोष्ट उलटी : मे महिन्याच्या दुपारी हवा इतकी सुकी की फळ्यांत फटी दिसतील, आणि श्रावणात त्याच फटी मिटतील. ते चालायचेच, फट दिसली म्हणून तिच्यात लांबी भरू नका, नाहीतर पावसाळ्यात फुगायला जागा उरणार नाही. माडीवरची, वारा खेळणारी, पाण्याचा नळ नसलेली खोली सर्वांत उत्तम. स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि पागोळ्या आत येतात अशी पडवी नको.

मग वाळवी. भिंतीत किंवा जोत्यात वाळवी असेल तर तिला ह्या फळ्यांचा गाभा म्हणजे पक्वान्न. घराला वाळवीचे औषध कसे द्यावे यासाठी भारतीय मानक संस्थेचे आयएस ६३१३ हे मानक आहे. नव्या घराचे वेगळे, उभ्या घराचे वेगळे. काम करणाऱ्याला त्याप्रमाणे करायला सांगावे. हे आधी, फळ्या नंतर.

मग ओलीची परीक्षा. तिला यंत्र नसले तरी चालते. दोन फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा कागद घ्या, कोब्यावर अंथरा आणि चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. एक रात्र जाऊ द्या, दोन गेल्या तर आणखी चांगले. कागद उचला. खाली दहिवराचे थेंब दिसले किंवा तेवढाच कोबा काळसर झालेला दिसला, तर आत ओल आहे; फळ्या खोक्यातच राहू द्या. आम्ही ही परीक्षा मार्गशीर्षात घेतली तेव्हा कोपऱ्यात अजून थेंब होते. तो महिना थांबलो. माघात कागद कोरडा निघाला.

ऋतूविषयी एवढेच की दिवाळी ते होळी हे दिवस बरे. मृगाच्या आत उरकण्याची घाई पेरणीला शोभते, जमिनीला नव्हे.

फळ्या आणल्यावर त्याच खोलीत, बंद खोक्यांत, आडव्या, दोन-तीन दिवस ठेवाव्या. खोलीच्या हवेशी त्यांची ओळख होऊ द्यावी. उभ्या टेकवून ठेवल्या तर बाक येतो.

तळ सपाट हवा. दोन मीटरची सरळ पट्टी गवंड्याकडे असतेच. ती कोब्यावर सगळीकडे फिरवावी. पट्टीखाली ३ मिलिमीटरहून अधिक उजेड दिसला तर उंचवटा घासावा, खळगा भरावा. हे काम कंटाळवाणे असते म्हणून सगळे टाळतात आणि मग जमीन करकरते.

आता प्लास्टिकचा जाड कागद, २०० मायक्रॉनचा, सबंध खोलीभर. दोन पट्ट्यांत वीतभर चढ ठेवून सांधे चिकटपट्टीने बंद करायचे; भिंतीशी कागद दोन-तीन इंच वर वळवायचा. त्यावर फेसाची गादी. पहिल्या खेपेला आम्ही गादी घातली होती, कागद नव्हता. दोन्ही सारखेच असे वाटले होते. गादी आवाज मारते, ओल अडवत नाही.

फळ्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने लांब टाकाव्या, म्हणजे सांधे डोळ्यांना टोचत नाहीत. तीन-चार खोक्यांतल्या फळ्या मिसळून घ्याव्या. लागोपाठच्या ओळींतले तोंडाचे सांधे एकमेकांपासून फूटभर तरी लांब असावेत, विटांच्या बांधकामात ठेवतो तसे. सुरुवात करण्यापूर्वी खोलीची रुंदी मोजून शेवटची ओळ किती रुंद येते ते काढा. दोन इंचांहून अरुंद येत असेल तर पहिल्या ओळीची फळी चिरून घ्या. फळी फळीत बसवताना हातोडा थेट मारू नये, मध्ये लाकडाचा तुकडा धरावा.

आणि कड! चारी भिंतींशी १० ते १२ मिलिमीटरची फट. तेवढ्या जाडीच्या पाचरी कापून भिंतीशी ओळीने ठेवाव्या आणि काम संपले की न विसरता काढाव्या. दाराच्या चौकटीभोवती फळी कापत बसू नका. चौकटीचा पाय फळीच्या जाडीएवढा करवतीने वर कापा आणि फळी त्याखाली सरकवा. जमिनीच्या कडेला जी पट्टी मारतात ती भिंतीला ठोकावी, फळीला कदापि नाही. फट झाकली जाते, पण जमीन तिच्याखाली मोकळी सरकते. भिंतीतले कपाट स्क्रूने फळीतून स्लॅबला आवळू नये. एका जागी खिळलेली जमीन दुसऱ्या जागी उठते.

सामान किती आणायचे? बारा गुणिले पंधरा म्हणजे १८० चौरस फूट. कापाकापीत शंभरी आठ जाते असे धरले तर १९५ फुटांच्या आत काम होते.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. वर्गात हे शिकवायला फळी विकत आणायला नको. सुताराकडून एकाच लाकडाचे दोन तुकडे आणा, दोन्ही १० सेंटिमीटर लांबीचे; एक रेषेच्या बाजूने कापलेला, दुसरा रेषेच्या आडवा. मुलांकडून मापे लिहून घ्या, रात्रभर बादलीत बुडवा, सकाळी पुन्हा मोजा. पहिल्याचे माप तेच निघेल. दुसऱ्याचे वाढलेले असेल, आणि फूटपट्टीवर दिसण्याइतके. मग दोन्ही उन्हात सुकवून तिसऱ्यांदा मोजा. चाक, पाट, पावसाळ्यात न लागणारे दार, सारे त्या दोन तुकड्यांत येते. मी हा प्रयोग किती वर्षे करून दाखवला, आणि भावाच्या घरी गेलो तेव्हा नेमका विसरलो.

निगेचे थोडे. लाकडी जमीन पाण्याने धुवायची नसते. केरसुणी फिरवावी आणि नंतर घट्ट पिळलेले फडके. बादली ओतण्याची सवय असेल त्या घरी ही जमीन दोन वर्षे टिकायची नाही. दाराबाहेर काथ्याचे पायपुसणे असावे. तळव्याला चिकटलेली वाळू हा लाकडाचा खरा शत्रू. खाटेच्या पायांखाली जुन्या घोंगडीचे तुकडे चिकटवा, बाजारातल्या चकत्यांहून ते जास्त टिकतात. ओले पापड, भिजवलेल्या डाळीची परात, पाण्याचा माठ, ही मंडळी शेजारच्या खोलीत बरी.

माझ्या भावाच्या खोलीतल्या ११० फळ्यांपैकी १९ वाया गेल्या. बाकीच्या आम्ही मध्ये पट्ट्या घालून, सावलीत, वजनाखाली चार महिने सुकवल्या. थोडा बाक होता तो गेला. वाया गेलेल्यांच्या जागी नवे खोके आणावे लागले आणि त्या फळ्या जरा फिक्या निघाल्या. तेव्हा हेही सांगून ठेवतो : सुरुवातीलाच एक खोके जास्तीचे घ्या, कारण पुढे तीच छटा मिळेल असा भरवसा नाही. त्या फिक्या फळ्या आम्ही आईच्या खाटेखाली घातल्या. ती आता ८४ वर्षांची आहे. मोडलेले मनगट थंडीत दुखते. मी गेलो की ती खाटेवरून खाली उतरून बसते, सूप पुढे ओढते आणि भिंतीशी पट्टीखाली जमीन मोकळी आहे ना, ते मला पाहून घ्यायला सांगते. मी पाहतो. पावसाळ्यात तिथे करंगळी थोडी अडकते. माघात सहज जाते.